घामाचा हिशेब

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे नाव जून २०२२ मध्ये जगभर गाजले. लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटे अखंड काम करून एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता अंथरण्यात आला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्या भर उन्हाळ्यात डांबराच्या वाफेत रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या माणसांच्या अंगातून किती लिटर घाम गेला असेल, याची नोंद अर्थातच कोणी केली नाही. हा लेख त्या न केलेल्या नोंदीबद्दल आहे, पण आपण सुरुवात करू त्याच रस्त्यावर पहाटे दिसणाऱ्या वेगळ्या माणसांपासून.

डोक्यावर शिरस्त्राण, वाकलेल्या दांड्याची सायकल, पाठीमागे लुकलुकणारा तांबडा दिवा. चौकशी केली तर कोणी डॉक्टर निघतो, कोणी बँकेत असतो, कोणी शाळेत गणित शिकवतो. यांतल्या काहींच्या डोक्यात असते एक शर्यत : आधी ३.८ किलोमीटर पोहणे, त्यावर लगेच १८० किलोमीटर सायकल आणि ती ठेवून ४२.२ किलोमीटर धावणे. मध्ये झोप नाही, आणि सगळे मिळून सतरा तासांच्या आत. हिला 'आयर्नमॅन' म्हणतात. वऱ्हाडच्या नकाशावर मांडायचे तर पन्नास मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या मारायच्या, मग सायकलने अमरावतीहून अकोल्याला जाऊन पुन्हा अमरावतीच्या जवळपास यायचे, आणि नंतर बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत जवळजवळ पळत जायचे. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

ही माणसे व्यावसायिक खेळाडू नाहीत. त्यांना पगार या कामाचा मिळत नाही, आणि घरी भाजी आणायची असते, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो. म्हणून त्यांच्याबद्दल विचारला जाणारा प्रश्नही साधा असतो : 'एवढे शरीराला झेपते का? आणि त्याने तब्येत सुधारते की बिघडते?' हा प्रश्न आजचा वाटतो खरा, पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात अमरावतीचेही एक पान आहे.

१९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. आखाड्यातून वाढलेली ही संस्था पुढे शारीरिक शिक्षणाचे देशातले एक मोठे केंद्र बनली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक तेथे गेले आणि कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने युरोपीय प्रेक्षकांना दाखवली. समुद्र ओलांडून जाणे हीच मोठी गोष्ट असण्याच्या काळातली ही हकीकत आहे. मात्र या परंपरेत लांब पल्ल्याच्या शर्यतीला फारशी जागा नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, लाठी : सगळा भर चपळाई, ताकद आणि शिस्त यांवर. दहा-बारा तास सतत अंग मोडून घेणे हा व्यायाम मानलाच जात नसे. ते काम पोटासाठी शेतमजूर करीतच होते.

यामागे जुन्या वैद्यकाचीही एक समजूत होती. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सांगितले आहे. तेसुद्धा हिवाळ्यात आणि वसंतात, चांगले खाणाऱ्या बळकट माणसाने. इतर ऋतूंत आणखी कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी? श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला, कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला की थांबावे. अतिव्यायामाने तहान, थकवा, धाप, ताप असे विकार जडतात, असा इशाराही तेथे आहे. आज डॉक्टर सांगतात की चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, इतपतच वेग ठेवा. दोन्ही खुणा एकमेकींच्या बऱ्याच जवळच्या आहेत. प्राचीनांना सगळे ठाऊक होते असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. पण नीट निरीक्षण करणाऱ्या माणसाला यंत्राशिवायही पुष्कळ दिसते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याची शर्यत आली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातून. तेथल्या १९१९ च्या क्रीडासामन्यांत धावणाऱ्यांत बरेचसे शेतकरी घरांतले होते. साध्यासुध्या मैदानावर ते अनवाणी पळत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्या युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचे पथक गेले. मॅरेथॉनसाठी निवडले गेले बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटर होता. ऑलिंपिकमधली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. हवा थंड आणि पावसाळी. आजही आपल्या शहरांतल्या मॅरेथॉनमध्ये तीन तासांच्या आत येणारा हौशी धावपटू कौतुकाचा विषय होतो, यावरून चौगुल्यांची वेळ काय होती ते समजेल.

'हौशी' या शब्दापाशी क्षणभर थांबू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूची जी पहिली व्याख्या झाली तिच्यात कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना जागा नव्हती. कारण असे दिले जाई की हाताने काम करणाऱ्याचे शरीर आधीच कसलेले असते, त्यामुळे सद्गृहस्थांशी त्याची स्पर्धा बरोबरीची होत नाही! म्हणजे रोज घाम गाळणारा माणूस गमतीखातर घाम गाळू शकत नाही, असा तो नियम. पुढे हे कलम गळाले. पण खेळ म्हणून दमणे आणि पोटासाठी दमणे यांतले अंतर काही मिटले नाही. शरीरशास्त्राला मात्र हे अंतर ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही घाम सारखेच. या विषयातले महत्त्वाचे ज्ञान मजुरांच्या घामातून खेळाडूंकडे कसे आले, ते पुढे येईलच.

आधी थोडे गणित करू. नववी-दहावीच्या वर्गात हे सहज करून घेता येते.

सपाटीवर धावताना माणसाला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी लागतील ६० × ४२ = २,५२० किलोकॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ धरले तर या झाल्या दहा-अकरा भाकरी. पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी पाऊण हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे जवळजवळ १,९०० किलोकॅलरी उष्णता. ती शरीरातच साठली तर? शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरू. १,९०० ÷ (६० × ०.८३) = ३८. म्हणजे तापमान ३८ अंशांनी चढेल, ३७ वरून ७५ वर! अर्थात तोवर माणूस उरणारच नाही. दर किलोमीटरला जवळजवळ एक अंश या हिशेबाने चार-पाच किलोमीटरमध्येच तो कोसळेल.

तो कोसळत नाही, कारण घाम. त्वचेवरचे एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. १,९०० ÷ ५८० म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास. चार तासांत पळणाऱ्याला दर तासाला पाऊण-एक लिटर घाम वाफ करावा लागतो. थंड हवेत काही उष्णता नुसती वाऱ्यानेही निघून जाते, म्हणून अँटवर्पच्या पावसात चौगुल्यांना कमी घामात भागले असणार. अकोल्याची गोष्ट उलटी. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर गेली की वारा अंगाची उष्णता नेण्याऐवजी उलट आणून टाकतो. तेव्हा घामाला दुहेरी काम करावे लागते : आतली उष्णता काढायची आणि बाहेरून आलेलीही.

वऱ्हाडच्या उन्हाची आणखी एक फसवी बाजू आहे. मुंबईत माणूस घामाने निथळतो. पण जमिनीवर ठिबकलेल्या घामाने काहीच गारवा मिळत नाही, कारण तो वाफ झालेला नसतो. अकोल्यात हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडून जातो. अंग कोरडे दिसते आणि माणूस म्हणतो, 'मला घाम येतच नाही.' संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या मिठाच्या रेघा दिसतात, तीच खरी नोंदवही. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामागे हेच ऊन आहे.

इथवर आपण घाम मोजला. आता पाणी. आणि येथे विज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत चाललेला नाही. तो एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊन आदळलेला आहे.

१९०४ सालच्या सेंट लुई ऑलिंपिकमधली मॅरेथॉन ३० ऑगस्टला दुपारी झाली. तापमान ३२ अंशांवर, रस्ता धुळीचा आणि चढउताराचा. संपूर्ण वाटेवर पाणी मिळण्याच्या जागा जेमतेम दोन. पाण्यावाचून शरीराचे काय होते हे आयोजकांपैकी एकाला पाहायचे होते, असे सांगतात. ३२ जण निघाले, १४ पोचले. विजेता ठरलेल्या थॉमस हिक्सने पाणी मागितले तेव्हा ते नाकारून त्याच्या मदतनिसांनी त्याला अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेले स्ट्रिकनीन आणि वर ब्रँडी पाजली. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याचे विष, उंदीर मारायला वापरतात ते! चौथा आला क्यूबाचा एक पोस्टमन, फेलिक्स कार्वाहाल. वाटेत एका बागेतली सफरचंदे खाऊन त्याचे पोट बिघडले आणि तो थोडा आडवा झाला, अशी त्याची गोष्ट सांगितली जाते.

पुढची साठ वर्षे धावपटूंमध्ये समज हाच होता की पळताना पाणी पिणे हे कमकुवतपणाचे लक्षण. शर्यतींच्या नियमांतही सुरुवातीच्या टप्प्यात पाणी देण्यावर बंदी असे. आमच्या पिढीतल्या अनेकांना शाळेच्या मैदानावर 'पळून आल्यावर पाणी पिऊ नका' ही ताकीद मिळालेली आठवत असेल. तिची पाळेमुळे कोठवर गेली आहेत पाहा.

हा समज मोडला तो दक्षिण आफ्रिकेत. तेथील सोन्याच्या खाणी जमिनीखाली इतक्या खोल की खडकच तापलेला असतो. कामावर घेतलेले कृष्णवर्णीय मजूर उष्माघाताने मरू लागले, तेव्हा १९३० च्या दशकात खाणमालकांनी अभ्यास सुरू करवला. मजुरांची काळजी त्यामागे नव्हतीच असे नाही, पण मुख्य चिंता उत्पादनाची होती. त्या अभ्यासातून समजले की उष्णतेत रोज थोडे थोडे काम वाढवीत नेले तर दहा-पंधरा दिवसांत शरीर बदलते. घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असते. रक्तातला द्रवही वाढतो. आज परदेशातल्या शर्यतीआधी खेळाडू जी 'उन्हाची सवय' करतात ती मूळची खाणमजुरांची. याच खाणसंघटनेच्या प्रयोगशाळेतले विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी १९६९ मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांचे वजन आणि तापमान मोजले. वजन तीन टक्क्यांहून जास्त घटलेल्यांचे तापमान अधिक चढलेले आढळले. त्यांनी बजावले की अपुरे पाणी धोक्याचे आहे.

इशारा योग्यच होता. पण लंबक तेथे थांबला नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय तयार केले होते. ते आणि तशी पेये पुढे बाजारात आली. 'तहान लागण्याची वाट पाहू नका', 'जमेल तेवढे प्या' असा उपदेश सुरू झाला. हळूहळू मॅरेथॉनच्या वाटेवर दर मैलाला पेल्यांचे टेबल आले.

याच काळात शर्यतीचेही रूप बदलले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतल्या ओआहूवर पंधरा माणसे समुद्रात उतरली. पोहणारे, सायकलवाले आणि धावणारे यांपैकी सर्वांत तंदुरुस्त कोण, या गप्पांतल्या वादावर नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तोडगा काढला होता : बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरे एकामागोमाग जोडायची. हीच पहिली आयर्नमॅन. बारा जणांनी ती पुरी केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला चक्क बिअर दिली. स्वतः कॉलिन्सना सुमारे सतरा तास लागले. पुढच्याच वर्षी लिन लमेअर या महिलेने शर्यत पूर्ण केली आणि सगळ्यांत पाचवा क्रमांक मिळवला. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आले, पण बरेच लहान होऊन : दीड किलोमीटर पोहणे, ४० सायकल, १० धावणे.

शर्यती लांबल्या आणि भाग घेणारे वाढले. पूर्वी मॅरेथॉन म्हणजे तीन तासांत संपवणाऱ्या मूठभर लोकांचे काम. आता चार, पाच, सहा तास लावणारे हजारो हौशी लोक आले. आणि येथे घोटाळा झाला. हळू पळणाऱ्याची दर तासाची उष्णता कमी, म्हणून घाम कमी. उलट टेबलापाशी थांबून पिण्याला सवड भरपूर. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही धावपटू बेशुद्ध होऊन रुग्णालयात आले. डॉक्टरांना वाटले, पाणी कमी पडले. पण रक्त तपासले तर त्यातले सोडियम फार उतरलेले. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे रुग्ण नोंदवून सांगितले की ही पाण्याची विषबाधा आहे. रक्तात सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते. घामातून मीठ गेलेले असताना नुसते पाणी पोटात ओतत राहिले तर हे प्रमाण खाली येते, पाणी पेशींमध्ये शिरते आणि मेंदूला सूज येते. कवटीत पसरायला जागा नसते.

या निष्कर्षाकडे पुष्कळ वर्षे दुर्लक्ष झाले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत संशोधकांनी अंतिम रेषेवर ४८८ जणांचे रक्त तपासले होते. त्यातले निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले : १३ टक्के धावपटूंचे सोडियम पातळीखाली होते आणि तिघांचे जिवाला धोका होईल इतके खाली. जास्तीत जास्त संबंध आढळला तो एकाच गोष्टीशी, शर्यतीत वजन वाढण्याशी. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांमध्येही धोका अधिक होता. म्हणजे या विकाराची गाठ अजिंक्यवीरांपेक्षा आपल्यासारख्या हळू चालणाऱ्यांशी जास्त पडते.

मग प्यावे किती? आज बहुतेक तज्ज्ञ म्हणतात, तहान लागेल तसे. आणि तासन्‌तास घाम जाणार असेल तर बरोबर मीठ. घामाच्या एका लिटरमध्ये माणसागणिक एक ते चार ग्रॅम मीठ असते, म्हणून सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. मीठ आणि साखर एकत्र का, याचे उत्तर मात्र पक्के आहे. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना सोडियमलाही सोबत नेते, आणि मागोमाग पाणी जाते. याच तत्त्वावर १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी वाटले आणि पटकीने होणारे मृत्यू चार टक्क्यांच्या आत आणले. जीवनदायी जलसंजीवनी आणि खेळाडूचे महागडे रंगीत पेय यांचे कूळ एकच आहे. वऱ्हाडातले मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील आणि कैरीचे पन्हे ही त्याच घरातली वडीलधारी मंडळी.

पाण्याइतकीच अन्नाचीही कहाणी आहे, पण ती थोडक्यात सांगू. स्नायू आणि यकृत यांत मिळून ग्लायकोजेनचा साठा चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. वरच्या गणितात मॅरेथॉनला २,५२० लागल्या होत्या. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात ते या तफावतीमुळे. उरलेले काम चरबीवर चालते, पण ती सावकाश जळते. १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्वतःवर प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पायडल मारले आणि नंतर दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे नमुने काढले. दमलेल्या पायातला साठा संपला होता. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय अन्न खाल्ले, तर त्या पायात विसावलेल्या पायाच्या दुप्पट साठा झाला. शर्यतीच्या आदल्या दिवशी पुरणपोळीवर ताव मारणाऱ्यांना हा आधार सापडला आहे खरा, पण त्यासाठी आधी पाय दमवावा लागतो, हे ते विसरतात.

आता मूळ प्रश्न, तब्येतीचा. १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त. दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. (आपल्या एसटीला वरचा मजला नाही, त्यामुळे आपल्या कंडक्टरांना हा लाभ नाही.) मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगले. यावरून थोडा व्यायाम चांगला, तर पुष्कळ व्यायाम फारच चांगला, असे अनेकांना वाटले. १९७० च्या दशकात तर मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला हृदयधमन्यांचा रोग होतच नाही, असे एका अमेरिकी डॉक्टराने ठासून सांगितले. नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मृत मॅरेथॉनपटूंच्या शवचिकित्सेवरून ते खोडून काढले. आणि ज्यांच्या पुस्तकाने अमेरिकेला पळायला लावले ते जिम फिक्स जुलै १९८४ मध्ये बावन्नाव्या वर्षी पळतानाच हृदयविकाराने गेले. पळण्याने त्यांचे आयुष्य वाढले होते की घटले, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकाराने वारले होते, आणि फिक्स तरुणपणी भरपूर धूम्रपान करीत, हेही त्या वादात पुढे आले.

आमचे मत असे की तब्येतीसाठी आयर्नमॅनची गरज नाही. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणाऱ्याला यातला बराचसा लाभ मिळून जातो. त्यापुढचे सारे हौसेचे आहे, आणि हौसेची किंमत वेळाने मोजावी लागते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. तिघेही डॉक्टर. पण नोकरी सांभाळून याच्या चतुर्थांशही करू पाहणाऱ्याला आठवड्याचे दहा-बारा तास काढावे लागतात, आणि ते बहुधा झोपेतून निघतात. व्यायामाने स्नायू थकतो. बांधला जातो तो झोपेत. अपुऱ्या झोपेवर रचलेला सराव म्हणजे सिमेंट कमी घातलेली भिंत. म्हणून अशा माणसाच्या घरच्यांनी शर्यतीतल्या वेळेपेक्षा तो रात्री किती वाजता निजतो ते विचारावे. ताप असताना सराव करू नये, छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तेथेच थांबावे, आणि चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने आधी हृदय तपासून घ्यावे, ही पथ्ये तर आहेतच.

एप्रिल-मे महिन्यांत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वावरांत पऱ्हाट्या वेचून ढीग लावणाऱ्या बाया दिसतात. पहाटे येतात, दुपारी निंबाखाली बसतात, उन्हे कलली की पुन्हा सुरू करतात. सायकलवाला आठ वाजता घरी पोचलेला असतो. त्याच्या मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके, कॅलरी, सगळे मोजून ठेवते. त्या बायांचे कोणी मोजत नाही. खरे तर मोजायला लागते फक्त एक वजनकाटा.

आम्ही हे एकदा स्वतःवर करून पाहिले. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन केले. दोन तास सायकल चालवली, वाटेत एक लिटर पाणी प्यायलो. परत येऊन अंग पुसून, तशाच कपड्यांत पुन्हा वजन केले. घट भरली ६०० ग्रॅम. प्यायलेले एक लिटर मिळवले की गेलेले पाणी झाले १.६ लिटर, तासाला ८०० मिलिलिटर. (श्वासातून जाणारे थोडेसे यात धरलेच आहे.) डिसेंबरात तोच रस्ता, तेवढाच वेळ, तर हा आकडा निम्म्यावर आला. उलट परत आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर आपण गरजेपेक्षा जास्त प्यायलो असे समजावे.

वर्गात हे करायचे असेल तर पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा, आणि मुलांना उन्हात पळवायचे नाही. सकाळच्या खेळाच्या तासाच्या आधी आणि नंतर वजने घेतली तरी फरक दिसतो. शेजारी कोरड्या आणि ओल्या फडक्याच्या तापमापकांची जोडी टांगावी व त्या दिवशीचे दोन्ही आकडे वजनांच्या शेजारी लिहावेत. फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत दर आठवड्याला एकदा एवढे केले की तक्ता भरतो. मुलांपैकी ज्यांच्या घरचे लोक शेतात किंवा बांधकामावर जातात, त्यांनी घरी विचारून आणखी एक रकाना भरावा : दिवसभरात पाण्याच्या किती कळश्या संपल्या आणि कितीजणांत. तुमच्याकडचे तक्ते तयार झाले की आम्हाला पाठवा.